जावयाची खुर्ची

फौजेत आमच्या कंपनीच्या मैदानावर एक लोखंडी खुर्ची होती. तिला सगळे जावयाची खुर्ची म्हणत. सकाळी जवान रांगेत उभे राहिले की मी विचारायचो, "कोणाला दवाखाना?" ज्याचा हात वर होई त्याला त्या खुर्चीत बसवायचं आणि तो आपणहून उठेपर्यंत बाकीच्यांना त्याच्याभोवती पळवायचं. "जावईबापू, चहा सांगू का?" पळणारेच ओरडायचे. फार वेळ कोणी बसत नसे.

कल्पना कंपनी कमांडरसाहेबांची. आपल्या कंपनीत कोणी आजारी पडत नाही, असं त्यांना मेसमध्ये मिरवता यायचं. पण खुर्ची साहेब उचलून आणत नव्हते. ती मी आणायचो, हवालदार म्हणून. माणसं टणक होतात, असं मला मनापासून वाटायचं.

त्यातला एक जवान बदलापूरच्या पलीकडच्या गावचा. अंगात ताप असताना तो एकदा खुर्चीत बसला आणि पहिल्याच फेरीला उठून पळायला लागला. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. पुन्हा त्याने कधी हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर मी आनंदनगरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. नंतर तो जवान निवृत्त झाला, तेव्हा त्यालाही गेटवर लावून घेतलं. ड्युटीवर तो कधी बसत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात गेट ढकलताना तो मध्येच थांबू लागला. कपाळावर घाम, हात छातीशी. विचारलं की फौजेतल्यासारखंच म्हणायचा, "गॅस आहे, उस्ताद."

मग त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, झोपेतून उठून बसतात. श्वास पुरत नाही. माझं ऐकतील तर शपथ. तुमचा शब्द नाही मोडणार."

मी त्याला युनिफॉर्मवरच शेअर रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला कॅम्प तीन भागातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या.

"काय होतंय काका?"

"काही नाही मॅडम. एकदम फिट."

मी मध्ये बोलू लागलो. "तुम्ही थांबा, पेशंटला बोलू द्या," त्या म्हणाल्या. पेशंट सावधान उभा. त्यांनी ईसीजी लिहून दिला. तो धापा टाकतोय हे पाहून वॉर्डबॉयने व्हीलचेअर पुढे केली. पेशंटने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसला आणि ताठ चालत बाहेर गेला. तपासणीच्या खोलीत नाही, थेट रस्त्यावर.

बाजारात एका दुकानाबाहेर जीन्सच्या गठ्ठ्यांना टेकून तो उभा सापडला.

"अक्कल आहे का तुला? असा कसा निघून आलास?"

"पास झालो ना, उस्ताद?"

"कशात?"

"आता या वयात पण परीक्षा घेता होय!" हसताना त्याला बोलवत नव्हतं.

ही परीक्षा नाही, मी म्हणालो. भर बाजारात हात जोडले. ती खुर्ची चूक होती, पाप होतं, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हापण असंच म्हणायचात तुम्ही. खरंच बरं नसेल तर बस, लाज कसली. आवाजसुद्धा हाच."

खरं होतं ते. मी असंच म्हणायचो, अगदी मायेने.

नोकरीवरून काढायची धमकी देऊन पाहिली. "दुसरीकडे लागेन," म्हणाला. तिथे त्याच्यावर लक्ष ठेवायलाही कोणी नसेल, म्हणून मी माघार घेतली. गेटच्या केबिनमध्ये गादीची खुर्ची आणून ठेवली. तिच्यावर तो जेवणाचा डबा ठेवतो.

त्याच्या बायकोचा फोन येतोच. "परत न्या ना भाऊ. तुमचंच तर ऐकतात." मी हो म्हणतो.

सकाळी गेटवर पोचलो की पहिल्यांदा तो उभा आहे का, ते बघतो. मग जवळ जातो. मी तोंड उघडायच्या आत त्याच्या टाचा जुळतात.

"एकदम फिट, उस्ताद."