वर चढलेली माळ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी बालपणाचा विषय काढला की मी करडईच्या पिवळ्या फुलांवर बोलायचो, सिंदफणेच्या वाळूत पिकणाऱ्या खरबुजांवर बोलायचो, आणि त्या माळेपाशी आलो की पाणी प्यायला उठायचो. गेल्या महिन्यात नातवाला कावीळ झाली. माजलगावच्या दवाखान्यातून रक्ताचा अहवाल मुलाच्या मोबाइलवर आला, औषधं सुरू झाली, आणि सूनबाईनं सहज विचारलं, ''बाबा, तुमच्या दिंद्रुडला माळ घालणारी एक बाई होती ना? गोळ्या चालूच ठेवू, पण माळही घालून घेऊ.'' मी म्हणालो, आठवत नाही.

आठवतं ते इतकं लख्ख, की अजून त्या मुळ्यांचा कडवट, मातकट वास नाकाशी येतो… माजघरातल्या बाजेवर मधू निजला आहे, त्याच्या डोळ्यांत हळद कालवल्यासारखा पिवळेपणा, आणि कपाळावर, भुवयांच्या जरासं वर, पांढऱ्या दोऱ्यात गुंफलेल्या ओल्या मुळ्यांची माळ — एखाद्या छोट्या राजाच्या मुकुटासारखी. आणि मी दाराच्या चौकटीला टेकून त्या मुकुटाकडे पाहतो आहे.

मधू माझा धाकटा भाऊ. त्या हिवाळ्यात तो आजारी पडला आणि घर त्याच्या बाजेभोवती फिरू लागलं. त्याच्यासाठी गुऱ्हाळावरून सकाळी उसाचा ताजा रस यायचा, बीडहून मोसंबी यायची, आई ती सोलून, एकेका फोडीची पांढरी शीर काढून त्याच्या ओठांशी धरायची. माझ्या वाट्याला साल. ती साल मी माझ्या डोळ्यांत पिळली, डोळे लाल झाले, पण लाल डोळ्यांना त्या घरात काही किंमत नव्हती. मग पापण्यांखाली हळद चोळून आईसमोर उभा राहिलो. तिनं पाहिलं आणि ''तोंड धुऊन ये, शाळंची येळ झाली'' एवढंच म्हणून ती मधूकडे वळली. असूया पोटात कशी बसते, हे मला त्या सकाळी कळलं. गरम राखेत पुरलेल्या कांद्यासारखी ती आतल्या आत शिजत राहते, वरून काहीच दिसत नाही.

दादांनी — आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू — मधूला छकड्यातून माजलगावला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल-तूप बंद केलं, आणि सांगितलं की या दुखण्याला विश्रांतीसारखं औषध नाही. आईनं भीतभीत माळेचं विचारलं. डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, तापल्या सळईचा डाग मात्र देऊ नका. माळ घाला हवी तर. तुटेल या भीतीनं तरी पोरगं अंथरुणात राहील.

म्हणून गयाबाई आमच्या घरात आली.

घरात, हे मुद्दाम सांगतो. एरवी ती खळ्यावर आमच्याकडे कामाला यायची तेव्हा अंगणातच थांबायची, आणि चहा तिला गोठ्याच्या कोनाड्यातल्या कानतुटक्या कपातून मिळायचा. ती बौद्धवाड्यातली. पण तिच्या हाताला गुण होता. पंचक्रोशीतल्या मोठमोठ्या घरच्या बैलगाड्या तिच्या दाराशी उभ्या राहत, आणि ज्यांच्या अंगणाच्या पुढे तिला कधी जाता आलं नव्हतं त्यांच्या माजघरात ती आजाऱ्याच्या उशाशी बसे. आमच्याकडेही आईनं तिला पाट मांडला, आणि चहा आमच्याच फडताळातल्या कपबशीतून दिला. दादांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बांधावरून उपटून आणलेली घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, ती ओच्यातून काढायची, मुळ्यांचे नखाएवढे तुकडे करायची, आणि सुई न वापरता एकेक तुकडा दोऱ्याच्या गाठीत पकडायची. मुळ्या वाळत, आकसत, गाठी सैल होत आणि माळ लांबत जाई — कपाळावरून कानांवर, कानांवरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली, असं सगळे मानत. आई म्हणाली, काही मंत्र असेल तर म्हणा. गयाबाई हसली.

''मंतर न्हाई, देव न्हाई आक्का. मुळी हाय आन् माझा हात हाय. डागदरच्या गोळ्या सोडायच्या न्हाईत. त्यांचं आन् माझं काई भांडण न्हाई.''

मग माळ बांधून झाल्यावर तिनं उजवा तळवा मधूच्या टाळूवर ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. चुलीवरचं आधण तेवढं वाजत होतं. मधूचा चेहरा पाण्यासारखा निवळत गेला… मला मोसंबी नको होती, रस नको होता. मला तो तळवा हवा होता. तिची बोटं खुरप्यानं चिरलेली, खरबरीत होती, आणि माझ्या डोक्यावर इतक्या शांतपणे कुणी कधी हात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. ती उठली तेव्हा मी वाटेत आडवा झालो आणि म्हणालो, मलाबी माळ बांध.

''तुला कावून रं? चांगला वळूसारखा हायस की,'' ती म्हणाली. आई हसली. मधूही हसला, बाजेवरून, त्या मुकुटाखालून.

माळ रोज उतरत होती. शेजारणी बघायला येत, आली बाई कानावर, आली गळ्यात, असं म्हणत आणि मधूची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडत. तो दिवसेंदिवस बरा होत होता आणि मी दिवसेंदिवस अदृश्य.

एका दुपारी आई विहिरीवर गेली होती, मधू झोपला होता. मी त्याच्या डोक्यातून माळ अलगद काढली आणि कणगीआड जाऊन स्वतःला घातली. ती माझ्या छातीपर्यंत आली. मला झालेलंच नव्हतं ते दुखणं उतरल्यासारखी. मी गाठी सोडल्या, बरेच तुकडे काढून टाकले, दोरा आखडून बांधला आणि पुन्हा डोक्यावर चढवून पाहिली. आता बसली. आता मी राजा.

घागरीचा आवाज आला तेव्हा मी ती मधूच्या डोक्यावर ठेवली आणि काढलेले तुकडे बैलाच्या गव्हाणीत टाकले. घाबरून तसं केलं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. पण खरं ते नाही. माळ त्याच्या कपाळावर परत चढलेली मला बघायची होती. त्याचं बरं होणं मला थांबवायचं होतं.

आईनं पाहिलं आणि घागर तिच्या हातून निसटली. माळ वर चढली होती. असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. शेजारणी आल्या आणि या वेळी कुणी बोटं मोडली नाहीत. दादांनी गयाबाईला बोलावणं धाडलं. ती धावत आली, पाटावर न बसता बाजेशी उकिडवी बसली आणि माळ बोटांनी चाचपत गेली, एकेक गाठ, एकेक गाठ. एका जागी तिची बोटं थांबली.

''ही गाठ माझी न्हाई,'' ती म्हणाली.

''मग कुणाची?'' दादांनी विचारलं.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शेतात पाऊलखूण दिसली की माणूस जसं बघतो, तसं. मी मधूकडे बघत राहिलो. त्या माजघरात तिच्या शब्दाचं वजन किती आणि मालकाच्या थोरल्या पोराच्या गप्प बसण्याचं किती, हे तिला कळत होतं. मला तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण मलाही कळत होतं.

''हुकली आसंल माझीच, मालक,'' ती म्हणाली.

मधूला छकड्यात घालून तडक बीडच्या दवाखान्यात हलवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, काविळीचा जोर कधीच ओसरला आहे, गोळ्या आणि पथ्य नीट पाळलं आहे, घाबरायचं कारण नाही. तो बरा होऊन आला. श्रेय दवाखान्याला गेलं आणि दोष गयाबाईच्या हाताला. गावोगाव तेच झालं — तिची माळ वर चढते म्हणे. गाड्या यायच्या थांबल्या. पुढच्या सुगीला ती खळ्यावर आली तेव्हा अंगणातच थांबली, आणि आईनं तिला चहा दिला तो कोनाड्यातल्या कानतुटक्या कपातून. तिनं तो कप उन्हात उभं राहून फुंकर घालत रिकामा केला, विसळला आणि जागच्या जागी ठेवला. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो.

मधूला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी त्यानं तिला सोडलं नाही. तिनं मला बरं केलं, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. दिवाळीला तिच्या घरी लुगडं घेऊन जायचा, तिच्या ओट्यावर बसून जेवायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटायचा. तिच्याकडे उघड्या चेहऱ्यानं जाता येणारा तो, मी नाही.

तिच्या शेवटच्या वर्षी मी एकदाच गेलो. मनातल्या मनात वाक्य घोकत गेलो होतो. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, मागे फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि पणती. मी नाव सांगितलं, तिच्यासमोर बसलो आणि उगाच खोकलो.

''आजारी हायस का रं?'' तिनं विचारलं. मी उत्तर देण्याआधीच तिनं चाचपडत हात पुढे केला, माझ्या टाळूवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

तोच हात. हलका झालेला, पण तोच… माझ्या हक्काचा नसलेला. बोललो तर तो उचलला जाईल, असं वाटलं, आणि मी गप्प राहिलो. तिचा हात आपणहून खाली येईपर्यंत गप्प राहिलो, मग तिच्या पाया पडून निघून आलो. ती गेली तेव्हा खांदा द्यायला मधू पुढे होता. मी मागे, गर्दीत.

नातू आता बरा आहे. गोळ्या घेतो आणि अंगणात धावायला लागला की सूनबाई त्याला ओढून आत नेते. बांधावर घेटुळी अजून उगवते, पण माळ बांधणारं आता कुणी उरलेलं नाही. घोकलेलं ते वाक्य मात्र माझ्यापाशीच राहिलं आहे. एवढंसंच होतं ते…

ती गाठ माझी होती, गयाबाई. मला माफ कर.