टाकीची कम्युनिटी

आमच्या गुंद गावात बैल पारखावा तर लाडूनं, आणि हट्ट धरावा तोही लाडूनंच. मी त्याचा शेजारी, त्यामुळे दोन्ही सोसलं आहे.

त्याची सून मयूरी रामनगरच्या दुकानदाराची मुलगी. लग्नात कपाटाबरोबर तिच्या माहेरची काचेची माशांची टाकीही घरात आली. आम्ही मासे फक्त कालवणात पाहिलेली माणसं. लाडूनं पहिल्याच दिवशी टाकीत डोकावून विचारलं, "हे मोठे कवा हुणार?" मयूरीनं घाईघाईनं सांगितलं, की हे खायचे नव्हेत, बघायचे. "बघून काय हुतंय?" असं म्हणून लाडू जो बघत बसला, तो बसलाच.

शेतातून आला की पाय धुवून थेट टाकीपुढं. सुनेशी बोलणं कामापुरतं, माशांशी मात्र अखंड गप्पा. संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायचा, तेही बंद झालं. मला त्या माशांचा रागच आला होता.

मग काचेवर शेवाळ धरू लागलं. मयूरी घासून घासून कंटाळली. एक दिवस ती म्हणाली, "रविवारी दादा येतोय, त्याला देऊन टाकते. माझ्यानं हुईना." सुनेच्या माहेरच्या वस्तूवर सासऱ्यानं हक्क सांगायचा तरी कसा? पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाडू माझ्या दारात उभा. "दत्ता, जीप काढ. दांडेलीत शेवाळ खाणारा मासा मिळतोय म्हणं." त्याचं तोंड इतकं उतरलं होतं, की मी नेहमीपेक्षा कमी कुरकुर केली.

माशांच्या दुकानाचा मालक अमोल, खानापूरकडचा. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "कम्युनिटी कुठली, काका?"

लाडूची मान ताठ झाली. कचेरीत हा प्रश्न त्यानं आयुष्यभर ऐकला आहे. "हिंदू कुणबी," तो म्हणाला. "दाखला आणला न्हाई. लागतोय काय?"

अमोल हसला नाही, हे त्याचे उपकार. मी हसलो. "माशांची म्हणतोय मी, काका," अमोल म्हणाला. "वेगवेगळ्या जातीचे मासे न भांडता एका टाकीत राहतात, तिला कम्युनिटी टाकी म्हणतात. तुमच्यात कोण कोण हाय?"

मग काय विचारता! गप्पी, मोली, निळ्या पट्टीचे टेट्रा, सगळे सांगून झाले. फाटक्या शेपटीचा एक गप्पी भित्रा आहे, तोही झाला.

अमोलनं आधी बोटाएवढा एक प्लेको दाखवला. काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा. "पण हा पुढं हातभर हुतो. मग टाकीत मावत न्हाई म्हणून लोक नदीत सोडतात."

"आपल्या काळी नदीत?" लाडू म्हणाला. "नको बाबा. बारका ऱ्हाणारा दाव."

तेव्हा अमोलनं मिशीवाला दाखवला. हाही प्लेको, पण पुरा वाढला तरी वीतभर होत नाही. तोंडावर मिशांचं जंगल, अंग चिखलाच्या रंगाचं, दिसायला अगदी कुरूप. लाडूचा चेहरा मात्र बाजारात चांगली जोडी दिसल्यासारखा उजळला. त्यानं टाकीला फेरी घातली. मासा काचेला चिकटलेला, म्हणजे तोंड आयतं समोर. बैलासारखा जबडा उघडायची गरज नाही. पोट खपाटीला गेलं नाही ना, पंख धड आहेत ना, सगळं पाहिलं. "जोडीला मारका न्हाई न्हवं?"

"गरीब हाय. फक्त दोन नर एकत्र ठिवू नका. आणि चघळायला टाकीत लाकडाचा तुकडा लागतो, हा असला." लाडूनं तोही घेतला. जंगलात राहणारा माणूस लाकूड विकत घेताना मी प्रथमच पाहिला. गावात शिरताना त्यानं तो तुकडा गोणपाटाखाली लपवला. मी कुणाला सांगितलं नाही, असं मात्र म्हणवत नाही.

दुकानातून निघताना अमोल म्हणाला, "काका, मासा एकटा काय करणार? शेवाळ वाढतंय ते उन्हानं, न्हाईतर कोणतरी खाणं जास्त घालतंय."

लाडूनं खाली पाहिलं. जीपमध्ये बसल्यावर हळूच म्हणाला, "दत्ता, त्ये म्याच. बैलाम्होरं पेंडी टाकतो तसा येता-जाता हात जातोय."

मिशीवाला टाकीत गेला तो लाकडाआड लपला. "आणला बैल आणि निजला गोठ्यात," लाडू रोज म्हणायचा आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसायचा. टाकी त्यानं खिडकीपासून दूर सरकवली होती. तेवढ्यात रविवार आला. मयूरीचा भाऊ शंकर टाकी गुंडाळायला चादर घेऊन हजर. काचेवर तोवर स्वच्छ पट्टे उमटले होते, बाकी हिरवंच. शंकरनं टाकीचा पंप बंद करायला बटणाकडं हात नेला.

लाडू उठला. "थांबा पाव्हणं. टाकी म्या खराब केली. येता-जाता खाणं घालत हुतो. पोरीचा दोष न्हाई. आणि..." तो अडखळला, "टाकी गेली तर मला करमायचं न्हाई."

सुनेपुढं एवढं तो कधीच बोलला नव्हता. मयूरी पदराशी चाळा करत म्हणाली, "मला ठावं हाय, मामा. खाण्याचा डबा कसा संपतोय, कळत न्हाई व्हय? पण तुमास्नी नको कसं म्हणू? म्हणून टाकीच देऊन टाकत हुते."

दोघंही खाली बघत उभी राहिली. मला ते सहन होईना, म्हणून मी दाखल्याची गोष्ट सांगून टाकली. मयूरी इतकी हसली की तिला ठसका लागला. लाडूही हसला. मग ती भावाकडं वळली. "दादा, टाकीच्या कम्युनिटीत कुणबी बी हाईत. आता कशी हलवू, सांग."

शंकरनं चादर घडी करून ठेवली आणि चहा मागितला. मयूरीनं फळीवरून खाण्याचा डबा काढून लाडूच्या हातात दिला. "सांजचं तुमीच घालायचं, मामा. पण एकच चिमूट."

लाडूनं चिमूट सोडली. मासे वर आले, आणि लाकडाआडून मिशीही दिसली. त्याचा हात पुन्हा डब्याकडं गेला.

"मामा," मयूरी म्हणाली.

लाडूनं झाकण लावलं.