जाकीट मापाचं, काच वाफेची

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागल्यावर मधे कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. सत्तरीला टेकलेली बाई भर हायवेवर काय दिवे लावून आली, ते आज तिच्याच तोंडून ऐका.

मी कर्जतजवळच्या कळंबची. वाचायला शिकले मुलांच्या पुस्तकांवरून आणि मोटारसायकल शिकले बावन्नाव्या वर्षी, आमच्या खळ्यात, पेंढ्याच्या गंजीभोवती गोल गोल फिरून. शिकवायला कुणी नव्हतं. गंजी दोनदा पाडली, तिसऱ्यांदा नाही. लायसन मात्र परीक्षा देऊन काढलंय, हे आधीच सांगून ठेवते!

मागच्या पावसात एकदा घसरले. एकदाच! पण तेव्हापासून माझ्या मुलाचा, सुनीलचा, गाडीच्या चावीवर डोळा. चावी गेली तर लोधिवलीच्या लेकीकडे जायला मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शेवटी भांडण एकदाचं मिटवू म्हणून त्याने अट घातली.

"आये, लोधिवलीपर्यंत तू पुढं, मी मागं माझ्या गाडीवर. डोक्यात हेल्मेट, अंगात नीट रायडिंगचं जाकीट पायजे. एक जरी चूक झाली, तर चावी माझी."

"आन् नाय झाली तर?"

"तर मरेपर्यंत तुझी."

"माझ्या का तुझ्या?"

त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं.

ठरल्याप्रमाणे निघालो. पाऊस भुरभुरत होता. कर्जत गेलं, चौक गाव आलं, तरी एक चूक नाही. जाकीट घ्यायचं बाकी होतं, त्याचं दुकान तिथेच. सुनीलला म्हटलं, तू समोरच्या धाब्यावर चहा पी, माझं मी निवडते.

आता तुम्हीच सांगा, बायकांची जाकिटं शिवणाऱ्याने कधी भात लावणारी बाई पाहिली असेल का? सगळी गुलाबी आणि खांद्यात एवढीशी! एक चढवलं तर हात वर होईना, दुसरं चढवलं तर खाली येईना. दुकानदार गुणी होता. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले.

"आजी, उभं राहून बघायचं नाय. बसल्यावर बाही मनगटापर्यंत यायला पायजे आन् कोपराचं पॅड कोपरावरच राहायला पायजे."

दहावं की अकरावं जाकीट चढवलं आणि काय सांगू, जणू माझ्याच मापाने बेतलेलं! खांदे बसले, कोपर बसले, चेन गळ्यापर्यंत सरकन गेली. रंग खाकी, छातीवर-पाठीवर चमकणारे पट्टे.

"आजी, हे बाप्यांचं हाय."

"खांद्यांना ठाऊक नाय ते. बांध बिल!"

जाताना तो बिचारा म्हणाला, "कॉलर उंच हाय, श्वास वर काचेवर जाईल. काच बोटभर उघडी ठेवा, नायतर वाफ धरते."

मला शिकवतो! सोळा-सतरा वर्षं गाडी चालवते मी. काच उघडी ठेवून पाऊस काय तोंडात घेऊ? नऊवारीवर रेनकोटची पँट चढवली, तोंडाला रुमाल बांधला, काच खाडकन बंद केली. सुनीलचा चहा अजून संपला नव्हता. म्हटलं, ये मागून, बघ आईचा वेग! आणि निघाले.

पहिली दोन मिनिटं झकास. मग काच कडेने पांढरी व्हायला लागली. मग मधे. मग सगळीच. बाहेरून हाताने पुसते आहे, पुसते आहे, आणि वाफ बसलीय आत! समोरचा रस्ता म्हणजे ताकाचं भांडं झालं. मी गाडी अगदी हळू केली.

तेवढ्यात त्या ताकात पुढे एक लाल गोळा दिसला. सिग्नल! इथे सिग्नल कधी बसवला? बसवला असेल बाई, रोज काहीतरी नवीन करतात. आणि नियम म्हणजे नियम. पुस्तकात वाचलं होतं तसा हात सरळ वर केला आणि गाडी थांबवली. परीक्षा होती ना माझी!

मागे ब्रेक करकरले. मग कुणीच हॉर्न वाजवेना. मला वाटलं, काय शहाणे झालेत लोक!

दिवा काही हिरवा होईना. एवढ्यात शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला.

"सायब, टेंपोत निसत्या कोंबड्या हायत. हे घ्या लायसन. पीयूसी गेल्या आठवड्यात संपली, चुकलो."

सायब! खाकी जाकीट, चमकते पट्टे, वर केलेला हात... आता प्रकाश पडला माझ्या डोक्यात. तिथल्या तिथे काच वर करायला हवी होती. पण खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा कुणी मला साहेब म्हणत होतं. मी लायसन हातात घेतलं आणि रुमालातून जाड आवाज काढला, "हं!"

त्या 'हं'ने घात केला. मागच्या टमटमवाल्याने जास्तीचे दोन प्रवासी खाली उतरवले. आणि पाठोपाठ एक ओळखीचा आवाज आला. सुनील! डोक्यात हेल्मेट, चष्म्यावर वाफ, त्यालाही काही दिसत नव्हतं.

"सायब, हितून एक म्हातारी गेली का मोटारसायकलवर? माझी आये हाय. दिसली तर अडवू नका तिला."

मी हातातलं लायसन उलटंसुलटं करत राहिले.

"गाडी माझ्यापेक्षा ब्येस चालवते, सायब. मी उगा चावी काढून घेईन म्हणतो. माझाच जीव भितो, पर काढून घेणार नाय. ती घरी बसली तर आमच्या घराचा आवाजच जाईल."

आता मला सांगा, कधी तोंडावर एवढं गोड बोललाय हा? काच आतून आणखी पांढरी झाली, ती वाफेनेच असं मी म्हणते. आणखी अर्धं मिनिट तोंड मिटून बसले असते तर निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला,

"निस्ती हट्टी हाय. कुणाचं म्हणून ऐकत नाय."

"कुणाचं ऐकत नाय रं मी, गाढवा?"

आणि काच वर!

सुनीलचं तोंड उघडं. टेंपोवाल्याचं उघडं. मी समोर बघितलं, तर कसला सिग्नल आणि कसलं काय! पंक्चरवाल्याच्या टपरीवर टायर टांगलेला, आत लाल बल्ब. पंक्चरवाला हवेची नळी घेऊन केव्हाचा उभा.

"आजी, कंचं चाक बसलंय? कवापासून बघतोय मी."

टमटममध्ये हशा पिकला. पण शब्द म्हणजे शब्द. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि सुनीलपुढे धरली.

त्याने चष्मा पुसला. चावीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं.

"मापात बसलंय गं," म्हणाला. "चावी ठेव तुझ्याकडंच. फकस्त एकदा म्हन, चूक झाली."

हे दोन शब्द मी सासूला म्हटले नव्हते, नवऱ्याला नाही, गावच्या सभेत तर नाहीच. मग काच खाली ओढली आणि आतल्या आत पुटपुटले.

"काय? ऐकू नाय आलं!"

पुन्हा म्हटलं. काच पार दुधासारखी झाली, आवाज काही बाहेर गेला नाही.

"आये, काच उघड!"

शेवटी उघडली आणि अख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशी ओरडले, "चूक झाली! झालं समाधान?"

मागून टेंपोवाला म्हणाला, "झाली ना? मग माझं लायसन द्या की, सायब!"