पायाळू मुलीच्या बापाचा मणका
मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून. पायाळूने कमरेत लाथ घातली की उसण जाते, अशी आमच्या वडनेर गावाची पक्की खात्री. त्यामुळे मी पाच वर्षांची असताना चांगली मोठी माणसं सकाळी आमच्या दारात ओणवी उभी राहायची आणि बाबा त्यांना हाकलायचे. पुढे ज्यांना ज्यांना लाथ घालावीशी वाटली, त्यांतला एकही असा आपणहून ओणवा झाला नाही.

बाबांनी पत्रक काढलं: 'लाथेने मणका बरा होत नाही!' बाबा चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक गोष्टीवर पत्रक निघायचं. खामगावच्या छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यांवरच मी वाचायला शिकले. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं.

मग बाबांचाच मणका बिघडला. कमरेत नसांची वाट अरुंद झाली होती. दारातून निघून गल्लीच्या पहिल्या खांबाला पोचेपर्यंत पाय बधिर व्हायचे, खाली बसलं की बरं वाटायचं. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन वाक्यं सांगितली होती. पायांचं दुखणं बरंच कमी होईल, हे पहिलं. कंबर थोडीफार कुरकुरेल आणि काही जणांना काही वर्षांनी त्रास परत होतो, हे दुसरं. बाबा चालायला लागले आणि पत्रक निघालं: 'ऑपरेशनने मी खडखडीत बरा!' त्यात पहिलं वाक्य छापलं. दुसरं जागेअभावी राहिलं म्हणे. जागा भरपूर होती. तिथे वळलेली मूठ छापली होती.

तेव्हापासून कंबर धरलेला जो तो ऑपरेशन करायच्या आधी बाबांना बघायला येऊ लागला. बाबा गल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत चालून दाखवायचे. सहा वर्षं खरंच चालले. गेल्या वर्षापासून मात्र सोबत सायकल आली. तिच्यावर बसायचे नाहीत, नुसती ढकलायचे. हँडलवर वाकलं की पाय मोकळे होतात. गावाला तो साधेपणा वाटला.

या हिवाळ्यात शेजारच्या काकू आल्या. दुखणं तेच, ऑपरेशनची तारीख मिळालेली. हातात बाबांचं पत्रक.

"भाऊ, खरं सांगा. करू का नको?"

"बिनधास्त करा, वहिनी. मले पाहा!" बाबांनी सायकल धरली.

"बाबा, सायकल ठेवा."

"काऊन?"

"काकूंले कंबर दाखवून राह्यले का सायकल?"

"तू गप राय," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "खरं सांगितलं तं उद्या अर्धं गाव पुन्हा तुह्यासमोर ओणवं होईन."

"होऊ द्या. काकूंच्या मणक्याचा सवाल आहे. त्याईले अर्धं वाक्य काऊन सांगता?"

बाबांनी रागाने सायकल भिंतीला लावली आणि निघाले. पहिला खांब सहज गेला. दुसऱ्याशी चाल मंदावली. तिसऱ्याला त्यांनी मिठीच मारली आणि शेजारच्या ओट्यावर बसले. मला विजयी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काकूंनी विचारलं, "कधीपासून होऊन राह्यलं हे?"

"साल झालं."

"अन् त्याच्या आधी?"

"सहा वर्षं काहीच नाही. वावरात पायी जाऊन येत होतो. ऑपरेशन नव्हतं झालं तेव्हा पहिला खांबही दूर होता."

"मंग हे छापा ना, भाऊ! 'खडखडीत बरा' वाचलं अन् मी तं घाबरली. गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीवरही हेच लिहेल असते." त्यांनी पत्रकाची घडी केली. "उभ्यानं भाकरी टाकाले येत नाही मले. सहा वर्षं टाकता आल्या तं लय झालं. डॉक्टरले बाकीचं इचारतो अन् करून घेतो."

बाबा पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे बघत होते.

निघताना काकू माझ्याकडे वळल्या. "तोवर एक लाथ मारून पाहतं का, पोरी?"

"वहिनी!" बाबा ओरडले.

"तुम्ही बसा, भाऊ. तुमच्यानं तं उठणंही होऊन नाही राह्यलं."

मी काकूंना हात जोडले आणि सायकल घेऊन आले. बाबा हँडलवर वाकले, तंतोतंत त्या दारातल्या माणसांसारखे ओणवे. पाय शिवशिवला. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आवरला.