फळ्यावर ठोकलेला प्रबंध

तोरून हेडवालचा गणितातला प्रबंध इथल्या प्रथेप्रमाणे ज्या दिवशी विभागाच्या सूचनाफळ्यावर खिळ्याने ठोकायचा होता, नेमक्या त्याच दिवशी सकाळी तिला ऐंशीव्या पानावरची चूक दिसली. जे सिद्ध करायचं तेच एका पायरीत तिने बिनदिक्कत गृहीत धरलं होतं, आणि मुख्य प्रमेय त्याच पायरीवर उभं होतं. तिने ते पान पुन्हा वाचलं, दात घासले आणि सायकल काढली. ना रडू आलं, ना धडकी भरली. गेली काही वर्षं तिला तसं काही होतच नसे.

फळ्यापाशी मंडळी जमली होती. प्रबंधाला भोक पाडून ठेवलेलं, हातोडी तयार, शेजारी हिरवा केक. तिने मार्गदर्शक सिक्स्टेनला बाजूला घेऊन पान दाखवलं. त्याने पायरीवर बोट ठेवून ती वाचली आणि पान तिच्या हातात परत दिलं.

"अगं, माझ्याच लक्षात आलं नाही, तर दुसऱ्या कुणाच्या येणार? ठोक तू. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"पदवी मिळाल्यावर. सात वर्षं झाली, तोरून. आता मीही निवृत्त व्हायला आलोय."

तिने खिळा ठोकला. टाळ्या झाल्या, केक संपला.

कुणीही वाचावा, खोट काढावी, म्हणून प्रबंध तीन आठवडे तिथे टांगलेला असतो. पण गणिताच्या प्रबंधाच्या वाटेला कोण जातंय? तोरून रोज फळ्यावरून जायची. एकदा त्यावर कुणाचा तरी ओला हातमोजा वाळत घातलेला दिसला. तिने तो हलवलाही नाही.

जाहीर परीक्षेच्या दिवशी नॉर्वेहून आलेल्या परीक्षक राग्नफ्रीदने तिला चांगलं पिळून काढलं. तोरून यंत्रासारखी उत्तरं देत गेली. ऐंशीवं पान मात्र सहज उलटलं गेलं. मग रिवाजाप्रमाणे अध्यक्ष प्रेक्षकांकडे वळले.

"आणखी कुणाला काही विचारायचंय?"

इथे कुणी काही विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे असतं. तोरूनच्या आईने तर पर्स उचललीही होती.

"मला विचारायचंय," तोरून म्हणाली.

लोक हसले. "बाई गं, तू उत्तरं द्यायला उभी आहेस," अध्यक्ष म्हणाले.

"ऐंशीवं पान, चौथी ओळ. हे कशावरून?"

पानं चाळली गेली. सिक्स्टेन आपल्या बुटांकडे बघत बसला. राग्नफ्रीदने ओळ वाचली, परत वाचली, चष्मा काढला.

"खरंच, कशावरून गं?" तिने हळूच विचारलं.

"माहीत नाही," तोरून म्हणाली. आई अजून हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होती, तिला यातलं काही कळलं नव्हतं. तोरूनने टेबल घट्ट धरलं. ती घाबरली होती, आणि इतकं स्पष्ट तिला कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं.