खांबेट्यांच्या तीनशे बारा नोंदी

रविवारची दुपार, जेवण जरा जास्तच झालंय. लॅपटॉपपुढे डोळे मिटतायत. वाड्यांना पाण्याचे टँकर पाठवायचा आमचा प्रोजेक्ट दुसऱ्या कंपनीला द्यायचाय, म्हणून साहेबांचं फर्मान: जुना इतिहास साफ करा. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असते, करणाऱ्याचं नाव आणि एक ओळ. खांबेट्यांच्या तीनशे बारा नोंदी एकत्र दाबून एकच नोंद करायची, माझ्या नावाने. खांबेटे वारले त्याला वर्ष झालं. हरकत कोण घेणार?

पण एका नोंदीशी मी थांबते. 'टँकरचं वेळापत्रक बिघडलं. चूक माझी. दुरुस्त केलं.' चूक त्यांची नव्हतीच. मी नवी होते, न तपासता टँकरची यादी पुसली, आणि तीन वाड्या दोन दिवस पाण्यावाचून राहिल्या. बढती गेली त्यांची.

डोकं टेबलावर टेकतं, आणि टेबल ऑफिसच्या चहाच्या खोलीतलं आहे. खांबेटे समोर बिस्कीट बुडवतायत. नेहमीसारखं अर्धं कपात पडतं.

"काय वृंदाबाई, आवराआवर?"

मी म्हणते, तुमचं नाव जातंय. ते म्हणतात, जाऊ दे की, 'आता तरी चाल बाबा' असं अकरा नोंदींत लिहिलंय मी, कोण मेला वाचतोय! मला हसू येतं, मग रडू. खोलीला भिंतीच उरलेल्या नाहीत. उन्हात हंड्यांची रांग लागलीय, बायका रस्त्याकडे बघतायत. खांबेटे रिकामा हंडा घेऊन रांगेत उभे आहेत आणि मी त्यांच्या मागे.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तुला काढलं असतं."

"आता खरं सांगू?"

"कुणाला? आपल्यातलं राहिलंय कोण तिथं?"

खरंच कुणी नाही. सगळे पांगले. मला फार एकटं वाटतं. रांग पुढे सरकते, तेही सरकतात, माझे पाय मात्र हलत नाहीत.

जाग येते तेव्हा गालावर कीबोर्डचे वळ आहेत. स्क्रीनवर सगळ्या दाबून उरणाऱ्या त्या एका नोंदीची चौकट उघडी आहे. डोळा लागण्याआधी मी तिथे दोनच शब्द लिहिले होते, 'पहिली आवृत्ती'. आता खाली आणखी आहे: 'टँकरची चूक वृंदा आगाशेची. खांबेट्यांनी अंगावर घेतली.'

टाईप केल्याचं मला आठवत नाही. साहेब विचारतील, हे काय. मी सेव्ह करते, आणि पाठवून देते.