चेंडूला नमस्कार

आयुष्यात मला धक्के पुष्कळ बसले, पण सगळे एकाच दिवशी रांग लावून आले असा दिवस तो एकच. त्या दिवशी मी ठाण्याहून मुंबईला मुलगा पाहायला म्हणून निघालो आणि पाहून आलो तो फुटबॉलचा सामना.

मुलगा पाहायचा होता बहिणीसाठी. वडील गेलेले. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून, घरात आई आणि ही धाकटी बहीण. तिला बारावं वर्ष लागलं होतं. आज कुणाला हसू येईल, पण त्या काळी बारावं लागलेली मुलगी घरात असली की आईच्या डोळ्याला डोळा लागत नसे. एका ठिकाणी पत्रिका जुळली नाही, दुसऱ्यांनी मुलगी सावळी म्हणून नाक मुरडलं. शेवटी कल्याणचं हे स्थळ आलं. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली. मुलगा मुंबईत कॉलेजात होता. त्याला मी एकदा पाहायचं आणि मग सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं. हेही हातचं गेलं असतं तर आईपुढे उभं राहायची माझी छाती नव्हती.

मुलाचे वडील कल्याणहून आगगाडीने येणार होते आणि मी ठाण्याला त्यांच्याच डब्यात चढायचं होतं. गृहस्थ भारी कर्मठ. बाकाच्या एका टोकाला धोतर सावरून बसलेले, कुणाचा स्पर्श नको म्हणून. मांडीजवळ तांब्या, त्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं घट्ट बांधलेलं. गाडीत नाना जातीचे लोक बसतात, म्हणून घसा सुकला तरी त्या तांब्यातलं पाणी ते गाडीत पीत नसत. त्यांनी "बसा" म्हणेपर्यंत मी उभाच होतो. वरपक्षाचा ताठा तो!

"आमचे चिरंजीव खोलीबाहेर पाऊल टाकत नाहीत," ते म्हणाले. "संध्या आणि अभ्यास, तिसरी गोष्ट ठाऊक नाही. तुमच्या ठाण्याची पोरं बघावीत, सदा तळ्यावर उंडारताना."

मी त्याच तळ्यावर उंडारून मोठा झालो होतो. तरी मान डोलावली.

गिरगावात मुलाच्या खोलीवर गेलो तर खोलीत त्याचा सोबती एकटाच. आम्हाला पाहून तो चटकन उभा राहिला. "काका, तो मैदानावर गेलाय. आज गोऱ्या पलटणीशी फुटबॉलचा सामना आहे ना."

"बघायला गेला असेल," आमचे होणारे व्याही म्हणाले. सोबती आढ्याकडे बघत राहिला.

घोड्याच्या ट्रामने आम्ही मैदानाशी गेलो. आतासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या बैठका तेव्हा नव्हत्या. एका बाजूला तंबू, त्यात खुर्च्यांवर साहेब नि मडमा, बाकी तिन्ही बाजूंना दोर आणि दोराबाहेर आपली माणसं दाटीवाटीने उभी. श्रावण सरत आला होता, सगळा चिखल. त्या चिखलात गुडघे उघडे टाकून मोठमोठे गोरे शिपाई एका चेंडूमागे ओरडत धावत होते आणि एकमेकांना खुशाल आडवे करत होते. मी असलं काही कधी पाहिलंच नव्हतं. मला आधी दंगाच वाटला. पोलीस का धावत नाहीत म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं.

त्यांच्याशी खेळत होती आपल्याकडची कॉलेजातली पोरं. पायात काही नाही, धोतराचा काचा मारलेला, शेंडीची गाठ सुटलेली. त्यांतला एक सडसडीत पोरगा सगळ्यांच्या पुढे धावत होता. त्या बुटांच्या गर्दीतून तो असा सुटायचा की लोक आरोळ्या ठोकायचे. मीही भान विसरून "वा!" म्हटलं आणि शेजारी पाहिलं. व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आमचाच आहे," ते म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाईच्या कातड्याचा तो चेंडू आणि त्याला लाथा मारणारे हे चिरंजीव! मुलीच्या भावाने हे पाहिलं, या लाजेपायीच म्हातारा आता लग्न मोडणार, असं मला वाटलं. बघावं तर त्यांच्याकडेही बघवेना.

तेवढ्यात चेंडू उसळत दोराबाहेर आला आणि थेट व्याह्यांच्या पावलावर आदळला. पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. आपल्यात कशालाही पाय लागला की हात आपोआप खाली जातो. पुस्तक असो, धान्य असो, माणूस असो. तसे ते वाकले, चेंडूला बोटं लावली आणि ती कपाळाला नेली. कातड्याच्या चेंडूला नमस्कार! भोवतीचे लोक खदखदून हसले. तंबूतले साहेबही हसले. म्हातारा तसाच वाकलेला, आपण काय केलं ते त्याला उमजेना.

चेंडू घ्यायला मुलगा धावत आला तो समोर बाप. हात जोडून तो चिखलात उभा राहिला, मागून सगळे ओरडताहेत तरी जागचा हलेना. तेव्हा व्याह्यांनी तो चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि मुलाच्या हातात दिला.

"जा," ते म्हणाले. "हसताहेत ते. जा."

मुलगा गेला तो वारा प्यायल्यासारखा धावला. आणि मग दोन बूट एकदम त्याच्या पायावर आले. तो आवाज दोरापर्यंत ऐकू आला. खेळ थांबला. कुणा डॉक्टरने लाकडी पट्ट्या बांधल्या आणि हाड जुळेल, पण पाय सरळ राहील असं आज सांगता येत नाही म्हणून सांगितलं. इस्पितळाचं नाव काढताच व्याही म्हणाले, "कल्याणला आमचा हाडवैद्य आहे." मुलाला उचलून आम्ही बोरीबंदरला आणलं आणि संध्याकाळच्या गाडीत घातलं.

डब्यात कळव्याचा एक मिठागरवाला होता, ठाण्याच्या बाजारातला माझ्या तोंडओळखीचा. त्याने आपली जागा सोडली, खाली बसला आणि म्हणाला, "पाय खाली नको सोरू, पोरा, सुजंल. बापाच्या मांडीवं ठेव." मी चमकून व्याह्यांकडे पाहिलं. सकाळी कुणाचा पदर लागू नये म्हणून आखडून बसलेल्या त्या माणसाने मुलाचा चिखलाने बरबटलेला पाय मांडीवर घेतला. गाडीला हिसका बसला की पाय बापाच्या पोटाला लागे, आणि मुलगा त्या वेदनेतही हात पुढे करून नमस्कार करू पाही.

"गप पड," व्याही म्हणाले. "आज मी चेंडूच्या पाया पडलोय."

माझ्या डोक्यात कल्लोळ माजला होता. लंगडा नवरा! आईला काय सांगू? लोक म्हणतील, भावाने डोळ्यांनी पाहिलं आणि तरी बहिणीला ढकलली. मला त्या पोराचा राग आला, बुटांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण मघाशी "वा!" मीच म्हटलं होतं.

व्याह्यांनी ते ओळखलं असावं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सुपारी फुटलेली नाही अजून. तुम्ही मोकळे आहात. आम्ही बोल लावणार नाही." वरपक्षाच्या माणसाची मान इतकी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. मुलाने डोळे मिटून घेतले.

गाडी थांबली. मिठागरवाला उठला. "ठानं आयलं," तो मला म्हणाला. "उतराचं नाय काय?"

मी बसून राहिलो. गाडी सुटली, खाडीच्या पुलावर आली.

"अहो, ठाणं गेलं," व्याही दचकून म्हणाले.

"गेलं," मी म्हटलं. "कल्याणला यांना उतरवायला दोन माणसं लागतील."

त्यांनी तांब्याचं फडकं सोडलं आणि दिवसभर जपलेलं ते पाणी आधी मला दिलं. गाडीच्या हिसक्याने अर्धं माझ्या कोटावर सांडलं. मी ते गाडीतच प्यालो. मग तेही प्याले.

लग्न मार्गशीर्षात झालं. पाय किंचित आखूड राहिला तो राहिलाच. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी कल्याणहून परतलो, आईला सगळं सांगितलं, ती डोळ्यांना पदर लावून देवापाशी जाऊन बसली. बहीण विहिरीवर गेली होती, तिने काहीच ऐकलं नव्हतं. कळशी उतरवून ती दाराआड उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, कसे आहेत रे?"

"धावतात फार छान," मी म्हटलं.